एकशे दहा बार आणि एक नमुना

यवतमाळात मला खोली मिळाली ती माझ्या उशीमुळे.

मी मूळची पुसदची. बाभुळगावच्या शाळेत मराठी शिकवायची नोकरी लागली, पण तिथे मनासारखी खोली मिळेना. मग यवतमाळात राहायचं आणि रोज बसने जा-ये करायची असं ठरलं. कुणीतरी पत्ता दिला. सामान ऑटोतून उतरवून मी घरमालकांपुढे उभी राहिले आणि नाव, गाव, नोकरी, ओळख असं सगळं एका दमात सांगून टाकलं. त्यातलं त्यांनी काहीही ऐकलं नाही. ते माझ्या वळकटीकडे पाहत होते. मग पुढे होऊन त्यांनी उशीच्या उसवलेल्या कोपऱ्यातून चिमूटभर कापूस उपटला, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हळूहळू ताणला आणि उजेडाकडे धरून पाहिला.

"घरचा हाये?"

"हो, मामाच्या वावरातला."

"धागा लांब हाये. कचरा नाही. राहा मंग."

बाकीचं सगळं बोलणं काकूंनी नंतर केलं.

हे गृहस्थ कापूस खरेदीच्या केंद्रावर आयुष्यभर ग्रेडर होते. ग्रेडर म्हणजे गाडी आली की कापूस हातात घेऊन, ताणून, दाबून त्याची प्रत ठरवणारा माणूस. सारी गल्ली त्यांना ग्रेडर साहेब म्हणायची, मी काका म्हणू लागले. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण नोकरी काही त्यांच्या अंगठ्यांतून गेली नव्हती. हाताला लागेल ते ताणून पाहत. पोळी ताणत, रुमाल ताणत, शेजारच्या बाळाचं जावळसुद्धा ताणून पाहत आणि बाळाच्या आजीच्या शिव्या खात. चहाचा पहिला घोट घेऊन म्हणत, "ओल जास्त हाये." म्हणजे चहा पाणचट. थोरल्या जावयाबद्दल त्यांचं मत होतं, "मानूस लांब धाग्याचा, पन सरकी लय." जावई बोलघेवडा होता.

"नमुना पाह्यल्याबिगर माल घ्याचा नाही," हा त्यांचा धर्म. आणि नमुना नुसता वरचा चालत नसे. गाडीत वर पांढरा शुभ्र कापूस रचायचा आणि खाली कवडी, म्हणजे किडका पिवळट कापूस, दडवायची, हे त्यांनी जन्मभर पाहिलेलं. त्यामुळे नमुना घ्यायचा तो वरून, मधून आणि तळातून. भाजीबाजारात ते टमाट्यांची अख्खी टोपली पालथी करत. वर्तमानपत्र मधल्या पानापासून वाचत. लग्नाच्या पंगतीत वाढप्याला थांबवून म्हणत, "भाऊ, तळातली वाढ," आणि तो बिचारा अख्खी बादली ढवळून त्यांना वाढी. आमच्या शाळेतल्या एका बाईंना मी हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "नमुनाच दिसते मानूस." मी म्हटलं, त्यांचाही तोच आवडता शब्द आहे.

हसण्यावारी नेण्यासारखंच सगळं होतं असं मात्र नाही. त्या वर्षी बोंडअळीने कापसाची पार वाट लावली होती. व्यापाऱ्याकडे माल नेण्याआधी माणसं रुमालात मूठभर कापूस बांधून काकांच्या ओट्यावर येत. "सांगा बा साहेब, काय म्हनते." काका ताणत, पाहत आणि असेल ते सांगत. उतरलेल्या मालाला गोड बोलून चांगला म्हणायचं नाही, चांगला असला तर "याले कमी प्रतीत देऊ नको, भांडजो," असं बजावायचं. काकांचा मला अनेक गोष्टींसाठी राग येई, पण ओट्यावरचे काका मला फार आवडायचे.

राग यायचा तो त्यांच्या संथपणाचा. केंद्रावर गाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत जायची म्हणे आणि साहेब एकेका मुठीपाशी ध्यान लावून बसायचे. काकू म्हणायच्या, "साऱ्या जिल्ह्याच्या गाड्या याह्यच्यापायी ताटकळल्या, अन् घरी मी ताटकळली."

श्रावणात काकू अंगणात पडल्या.

फाटकापासून दारापर्यंत अंगणात मोठमोठ्या फरशा बसवलेल्या होत्या आणि पावसाळ्यात त्यांच्यावर हिरवंगार शेवाळ धरायचं. हे घासून घ्या असं काकू दरवर्षी म्हणत, आणि काका दरवर्षी "पाहू" म्हणत. त्या वर्षी काकूंचा पाय सटकला आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर घातलं. बाभुळगावहून त्यांचा भाऊ आला, बहिणीला आपल्याकडे घेऊन निघाला. ऑटोत बसताना काकूंनी तो पांढरा हात काकांच्या नाकासमोर धरला.

"अंगन साफ होईन तवाच मी या घरात पाय ठेवीन. तोवर मले बलवाले येऊ नका."

दुसरा कुणी असता तर त्याने खराटा घेतला असता आणि दोन दिवसांत बायको घरी आणली असती. काका विचारात पडले. खराट्याने वरचं शेवाळ जातं, मूळ राहतं. ब्लीचिंग पावडरने दगड खराब होतो. आणि अशातच लोहाऱ्याच्या रस्त्यावर शकीलभाईंच्या वॉशिंग सेंटरवर त्यांनी ट्रॅक्टर धुताना पाहिला. चिखलाने नखशिखांत माखलेला ट्रॅक्टर पाण्याच्या एका फवाऱ्याखाली लालभडक निघाला.

"मॅडम, असं छोटं मशीन घरासाठी बी भेटते म्हनते," काका घरी येऊन मला म्हणाले. "आपून एक घेऊ. पन निवडून घेऊ."

त्यातला 'निवडून' हा शब्द ऐकून मला तिथल्या तिथे घाम फुटायला हवा होता.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं ऑटोने बाजारात गेलो. आमच्यासोबत अंगणातली एक फरशी होती. काकांनी ती पहारीने उचकटून काढली होती आणि वरचं शेवाळ सुकू नये म्हणून ओल्या पोत्यात गुंडाळली होती. नमुन्याशिवाय निघतील तर ते काका कसले. दुकानात शिरताच त्यांनी ती काचेच्या काउंटरवर ठेवली. दुकानातला तरुण सेल्समन आधी फरशीकडे, मग माझ्याकडे पाहू लागला. मी छताकडे पाहिलं.

मशीन आलं. पिवळं, चाकांचं, लांब नळीचं. सेल्समन खोक्यावर बोट ठेवून म्हणाला, "हे पाहा सर, एकशे दहा बार."

काका त्या आकड्याकडे बघत राहिले. आमच्याकडे मराठीत हिंदी कुठून शिरते आणि कुठून निघते हे बोलणाऱ्यालाही कळत नाही. एक बार, दो बार हे तर शेंबडं पोरही बोलतं.

"एकशे दहाच बार?"

"जास्तीचा पाह्यजे तर एकशे पन्नास बारचा बी हाये सर."

"अन् मंग याचं एकशे अकराव्या बारी काय होते?"

सेल्समन गोंधळला. "एकशे दहाच्या वर नाही जात हे, सर."

"म्हंजे बंदच पडते?"

"वर जातच नाही, सर. कंपनीनंच तसं बनोलं."

काका माझ्या कानाशी आले. "पोट्टा इमानदार हाये. सांगून तरी राह्यला."

मी मराठीची शिक्षिका. यंत्राशी माझा संबंध मिक्सरपुरता. मलाही ते पटलं. मी म्हटलं, सणासुदीला एकेकदा धुतलं तर पुष्कळ वर्षं पुरेल.

"नळी लावून डेमो दाखवू काय?" सेल्समनने विचारलं.

काकांनी झटकन मशीनवर हात ठेवला. "थांब बाबू. डेमो देल्ला तर त्याच्यातला एक बार जाईन ना."

"एका बारानं काय होते सर? डेमोले तं पुरे एकशे दहा बार लावा लागते."

"मंग माह्यासाठी काय उरन?" काका म्हणाले, आणि फरशी उचलून बाहेर पडले.

इथे खरी अडचण झाली. नमुना पाहिल्याशिवाय माल घ्यायचा नाही, आणि नमुना पाहिला की मालच संपणार. काका या कोड्यात जे अडकले ते अडकलेच. आम्ही दर रविवारी एकेक करत सगळी दुकानं केली. प्रत्येक दुकानात काका विचारत, "शोकेसमधल्या मशीनचे किती बार झाले?" आणि प्रत्येक दुकानदार अभिमानाने पूर्ण आकडा सांगे. एकाने तर छातीवर हात मारून सांगितलं, "दिवसभर चालवा साहेब, एकशे दहा म्हंजे एकशे दहा." काकांनी त्याला नमस्कार केला आणि बाहेर येऊन म्हणाले, "हा लबाड हाये."

इकडे मी रोज बाभुळगावला जाणारी, त्यामुळे नवराबायकोतलं टपाल मीच होते. शाळा सुटल्यावर काकूंच्या भावाचं घर वाटेवरच लागायचं. काकू ओट्यावर बसलेल्या असत.

"काय म्हनते मंग तुमचे काका?"

"निवड चालू आहे म्हणतात."

"खराटा हाये ना घरात? का थोही निवडूनच राह्यले?"

मी घरी येऊन हे जसंच्या तसं सांगितलं की काका हसत. मग हळूच विचारत, "मनगट मुडपते काय त्यायचं आता?" रोज हाच प्रश्न. हो, थोडं मुडपतं, असं सांगितलं की त्या दिवशी त्यांच्या हातची खिचडी जरा बरी होई.

दिवाळी आली, गेली. काकूंचं प्लास्टर तर केव्हाच निघालं होतं. एकदा त्या मला ओट्याच्या कडेला घेऊन गेल्या आणि आवाज उतरवून म्हणाल्या, "मॅडम, आमची वयनी आधी मले गिलासात चहा देत होती. आता कपबशीत देते."

"मग चांगलं आहे की."

"कायचं चांगलं? पाहुनी झाली मी. पाहुन्यानं केव्हा तरी जा लागते." त्या मनगट चोळत राहिल्या. "पन मी शब्द बोलून बसली. अन् ह्या मानसाले काही घाईच नाही. मी इथीच मेली तरी म्हनन, निवड चालू हाये."

मला त्यांची फार दया आली आणि काकांचा फार राग आला. त्याच तिरीमिरीत मी काकांना शकीलभाईंच्या वॉशिंग सेंटरवर ओढून नेलं. फरशी अर्थात बरोबर होती.

शकीलभाई म्हणजे बढाईची खाण. त्यांच्या मशीनने म्हणे एकदा म्हशीचा रंग उतरला होता. काकांनी त्यांना आपलं कोडं सांगितलं. शकीलभाईंनी ते शांतपणे ऐकलं, आणि मग जे हसायला लागले ते पाण्याची नळी सोडून खालीच बसले.

"अजी साहब, बार म्हंजे बारी नोहे. दाब हाय थो पान्याचा. टायरमंदी हवा नाही मोजत? तसा."

"मंग त्या पोट्ट्यानं सांगतलं काहून नाही?"

"त्याले वाटलं, तुमाले मालूम हाय. चला, तुमाले दाखवतोच बार काय अस्ते."

त्यांनी फरशी मधोमध ठेवली, मला मागे व्हायला सांगितलं, काकांना सांगायचं विसरले आणि फवारा सोडला. शेवाळ गेलं हे खरं. पण फरशीही गेली. ती सरपटत जाऊन धुवायला आलेल्या एका मोटारसायकलीला धडकली, मोटारसायकल शेजारच्या मोटारसायकलीवर पडली, आणि सगळं शेवाळ काकांच्या पांढऱ्या शर्टावर, चष्म्यावर आणि मिशीवर येऊन बसलं. काकांनी मिशीतून एक हिरवा धागा काढला, दोन चिमटींत धरला आणि ताणून उजेडाकडे पाहिला.

"आखूड हाये," ते म्हणाले.

आता तरी मशीन येईल असं मला वाटलं. पण आतापर्यंतची सगळी तुलना चुकीच्या समजुतीवर झाली, म्हणून निवड पहिल्यापासून करणं आलं. पुन्हा सगळी दुकानं, आणि या वेळी डेमोसकट. वरून, मधून आणि तळातून, म्हणजे दुकानदाराच्या गोदामातली तळाची खोकीसुद्धा उघडायला लावून. संक्रांत झाल्यावर कधीतरी पिवळं मशीन घरी आलं. काकांनी त्याला ओट्यावर ठेवून हळदीकुंकू लावलं, नळी जोडली, पाण्याचा ड्रम भरला आणि अंगणाकडे पाहिलं.

अंगणात शेवाळ नव्हतं.

कुठून असणार? त्या वर्षी पाऊस लवकर आटोपला होता, नळ कधीमधी येत होता. शेवाळ आधी काळं पडलं, मग त्याचे पापुद्रे सुटले, मग ते वाऱ्याने उडून गेले. आम्ही दोघं इतके दिवस दुकानं हिंडत होतो आणि अंगण आपलं आपण साफ झालं होतं.

मला आनंदच झाला. "काका, मी उद्याच काकूंना सांगते, अंगण साफ झालं."

"कोनं केलं साफ?"

"उन्हाने केलं, वाऱ्याने केलं. कुणी का करेना."

"मंग उन्हाचं नाव सांगा. माह्यं कायले सांगता?" ते ओट्यावर बसले. मशीनची नळी त्यांच्या मांडीवर होती. "मॅडम, मी 'पाहू पाहू' म्हनत राह्यलो अन् त्या पडल्या. घासाचं काम माह्यं होतं. न पाह्यल्या मालाले मी कधी प्रत देल्ली नाही. आता न केल्या कामाचं नाव घेऊ काय?"

त्यांचं म्हणणं मला पटलं. पण त्यांचा पुढचा उपाय काय असेल याची मला कल्पना नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गॅलरीत आले तर माघातल्या कडाक्याच्या थंडीत काका पंचा नेसून भर अंगणात फरशीवर अंघोळ करत होते. कुडकुडत एक तांब्या घ्यायचा, मग पुढच्या फरशीवर सरकायचं, मग दुसरा तांब्या.

"काका, हे काय करून राह्यले?"

"पानी वाया नाही घालवत," ते दात वाजवत म्हणाले. "अंघोयीची अंघोय होते अन् शेवाळ बी धरते. धरलं का मंग धुतो."

ते रोज असं करू लागले. आणि शेवाळाचं नशीब असं, की ते धरलंही. फरशांच्या फटींतून आधी हिरवी रेघ आली, मग हिरवे डाग, मग काकांना सर्दी. ती छातीत उतरली तरी अंघोळ थांबेना. तेव्हा मात्र मी न राहवून बाभुळगावात काकूंना सगळं सांगितलं.

"काय करते म्हनता?"

"शेवाळाला पाणी घालतात. अंगणात बसून अंघोळ करतात, थंड पाण्याने."

"उघड्या आंगानं? ह्या थंडीत?"

"हो. आणि खोकतात."

काकू उठून आत गेल्या. मला वाटलं, रडायला गेल्या. त्या बाहेर आल्या तेव्हा हातात पिशवी होती आणि पायात चप्पल. त्यांच्या वहिनी मागून 'चहा तरी घेऊन जा' म्हणत होत्या, कपबशी हातात धरून. काकू म्हणाल्या, "चाला मॅडम, बस जाईन."

आम्ही पोचलो तेव्हा दुपार कलली होती. काका अंगणातच होते, मफलर गुंडाळून हिरवळीची पाहणी करत. फाटकाशी काकूंना पाहून ते उभेच राहिले. काकूंनी फाटक उघडलं, पण पाय आत टाकला नाही. शब्द म्हणजे शब्द.

"काय निवडलं थे दावा मंग," त्या म्हणाल्या.

काकांनी मशीन सुरू केलं. खरं सांगते, मशीन झकास होतं. फवारा फाटकापासून निघाला आणि एकेक फरशी अशी स्वच्छ होत गेली की काकूंच्या तोंडून नकळत "आहा" निघून गेलं. काका सावकाश, एकही कोपरा न सोडता, एकेक दगड धूत पुढे सरकत होते. इतक्या सावकाश, की अंगणाच्या मध्यावर येईपर्यंत ड्रमच संपला. फवारा मऊ झाला, ठिबकला आणि थांबला. फाटकाकडचं अर्धं अंगण लख्ख होतं आणि दाराकडचं अर्धं हिरवं. ते हिरवं काकांनी स्वतः वाढवलेलं.

"थांब," काका म्हणाले. "टँकरवाल्याले फोन करतो. उद्या येईन थो."

"अजून किती थांबू?" काकूंनी विचारलं. रागाने नाही, नुसतंच विचारलं.

काका नळी हातात धरूनच रिकाम्या ड्रमकडे वळले. काकूंनी पिशवी माझ्या हातात दिली, लुगड्याचा काठ जरा वर धरला आणि धुतलेल्या फरशांवरून चालत सरळ त्या हिरव्यापाशी आल्या. पाऊल उचललं.

आणि काका धावले. त्यांना घाई करताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. हातातली नळी तशीच टाकून, मशीनचं बटण तसंच चालू ठेवून ते काकूंपाशी पोचले आणि त्यांनी तो मोडून जुळलेला हात धरला. "थांब, आधी मी पाय ठेवतो," असं म्हणत ते उलटे, दाराकडे पाठ करून, पहिल्या हिरव्या फरशीवर उतरले. ती पायाने दाबली. तळव्याने घासून पाहिली. मग काकूंना तिच्यावर घेतलं. मग दुसरी.

मागे मशीन पाण्यावाचून कोरडंच घरघरत होतं. त्याचा आवाज बदलला, मग जळकट वास आला, मग धूर.

"काका," मी ओरडले, "मशीन जळून राह्यलं."

त्यांनी ऐकलं, पण मागे वळून पाहिलं नाही. ते पुढच्या फरशीचा एक कोपरा दाबत होते, मग मध्य, मग दुसरा कोपरा. काकू त्यांच्या खांद्याला धरून उभ्या होत्या.

"हा चांगला हाये," काका म्हणाले. "ये."